गोठवलेली न्याहारी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. आमच्या कोकणातल्या गावी शाळाच मुळी सातवीपर्यंत होती. पुढच्या शाळेला डोंगर उतरून जावे लागे, आणि एकट्या मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार? तेव्हा माझ्या बोलण्यात चुका होतील, त्या पदरात घ्याव्यात.

कार्यवाह ताईंनी मला विषय दिला तो असा, की गोठवून ठेवलेली न्याहारी एअर फ्रायरमध्ये गरम कशी करावी. मी म्हटले, "अहो, यावर काय बोलायचे? बटण दाबले की झाले." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमच्या सासूबाईंनी दोन महिने त्या यंत्राला हात का लावू दिला नाही, तेवढेच सांगा." आता ही गोष्ट साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. सासूबाई समोर पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी बोलत आहे.

आपण डोंबिवलीकर बायका. आपले घड्याळ भिंतीवर नसते, ते स्टेशनावर असते. आमच्याकडे यजमानांची गाडी सकाळी सहा अठ्ठावीसची, मुलीची सात पाचची, आणि मुलगा साडेसातला कॉलेजला निघतो. सासूबाईंचे वय शहात्तर. त्यांना औषधाच्या गोळीआधी काहीतरी पोटात लागते. चौघांच्या चार वेळा, शिवाय तीन डबे. मी वीस वर्षे साडेचारला उठत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आपण सगळ्याच उठतो. पण साडेसातला शेवटचा माणूस बाहेर पडला, की ओट्यापाशी उभ्या उभ्या गार चहा प्यायचा आणि भांड्यांना लागायचे. वर्तमानपत्र दुपारी हाती येई, तोवर डोळे मिटू लागत.

२०२२ च्या दिवाळीत मुलीला नोकरीतला पहिला बोनस मिळाला आणि तिने हा एअर फ्रायर घरी आणला. सुरुवातीला मी त्यात पापड भाजले, शेंगदाणे भाजले, सगळे ठीक झाले. मग माझी भीड चेपली. २०२३ ची महाशिवरात्र शनिवारी आली होती. त्या दिवशीच्या उपासासाठी मी आदल्या रविवारीच साबुदाण्याचे वडे केले, थोडे कच्चट तळून फ्रीजरमध्ये ठेवून दिले. महाशिवरात्रीला सकाळी ते बाहेर काढले, यंत्रात दोनशे अंशांवर आठ मिनिटे ठेवले. काय रंग आला होता म्हणून सांगू! मोठ्या अभिमानाने मी पहिली बशी सासूबाईंपुढे ठेवली.

त्यांनी वडा मोडला. वरून चटका बसेल इतका गरम आणि मध्ये बर्फाचा खडा. त्या रागावल्या नाहीत. वडा बशीच्या कडेला ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "वर वैशाख आणि आत पौष. आणि तोही सहा दिवसांचा शिळा. सूनबाई, उपासाला मला केळे दे."

भगिनींनो, त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी ते यंत्र पुसून माळ्यावर ठेवले. मुलगी हिरमुसली, पण मी तिला काही बोलले नाही.

पुढे चैत्र लागला आणि आमच्या गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे यांची वाळवणे पडली. सासूबाई अजूनही स्वतः कुरडईचा चीक शिजवतात. एके दिवशी दोघी राखण बसलो असता मी धीर करून म्हटले, "आई, ही कुरडई आपण पुढच्या चैत्रापर्यंत खातो. तिला कोणी शिळी म्हणत नाही. मग माझा सहा दिवसांचा वडाच शिळा कसा?"

त्यांनी थोडा विचार केला व म्हणाल्या, "कुरडईत पाणी उरत नाही, म्हणून ती टिकते. तुझ्या वड्यात पाणी आहे. पाणी आहे तिथे नासणे आहे."

मला उत्तर सुचेना. मी संध्याकाळी मुलीला विचारले. तिने शोधून वाचून दाखवले ते असे, की आजी म्हणते ते अगदी बरोबर आहे. अन्न नासवणारे सूक्ष्म जंतू पाण्यावाचून वाढू शकत नाहीत. उन्हात वाळवून आपण ते पाणी काढून टाकतो. फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांला पाणी पदार्थातच राहते, पण त्याचा दगड होतो, आणि जंतूंना ते वापरता येत नाही. म्हणजे वाळवण आणि गोठवण या एका घरच्या दोघी बहिणी म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की गोठवल्याने जंतू मरतातच असे नाही. बहुतेक नुसते झोपतात. बर्फ सुटला की जागे होतात.

गोठवलेल्या अन्नाचा आजचा धंदा ज्याच्यामुळे उभा राहिला, तो क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा एक अमेरिकन गृहस्थ. तो १९१२ च्या सुमारास कॅनडाकडच्या लॅब्राडॉर या अतिथंड मुलखात राहावयास गेला होता. तिथले मूळ रहिवासी हिवाळ्यात मासा पाण्याबाहेर काढत, की तो कडाक्याच्या वाऱ्याने तिथल्या तिथे गोठे, आणि महिन्यांनंतर शिजवला तरी ताज्यासारखा लागे. त्यावरून त्याने ओळखले, की खरी करामत नुसत्या थंडीची नव्हे, ती झटपट गोठण्याची आहे. हळूहळू गोठले तर पदार्थात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते आतली वीण फाडतात, आणि मग वितळल्यावर पाणी सुटून लगदा होतो. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत त्याचे गोठवलेले अन्न पहिल्याने विक्रीस आले. एअर फ्रायर त्या मानाने अगदी कालचा. फिलिप्स कंपनीने तो बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला तो २०१० साली.

हे सगळे मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. आतला बर्फ का राहिला ते सांग. तू थालीपीठ लावतेस तेव्हा पहिल्यापासून मोठी आंच ठेवतेस का? आधी मंद आंच आणि वर झाकण. मध्यापर्यंत वाफ गेली, की मग झाकण काढून खमंग करायचे. तुझ्या यंत्राला एवढे कळत नसेल, पण तुला तर कळते ना?"

भगिनींनो, यंत्राबरोबर आलेले पुस्तक मी तीनदा वाचले होते. त्यात जे मला सापडले नाही, ते सासूबाईंनी गच्चीवर बसून सांगितले. दुसऱ्या दिवशी यंत्र माळ्यावरून खाली आले.

आता यंत्राचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. नाव 'फ्रायर' असले तरी त्यात तळणे होत नाही. ती एक लहानशी भट्टी आहे. वर तापणारी तार असते, तिच्यावर पंखा असतो, आणि तो गरम वारा जाळीच्या भांड्यात जोराने फिरवतो. वाऱ्याने पदार्थाचे वरचे पाणी उडते आणि मग त्याला खरपूस रंग चढतो. पण वारा आत शिरत नाही. आतला भाग बाहेरून आत जाणाऱ्या उष्णतेनेच तापतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मोठ्या आंचेवर घाई केली, की माझ्या वड्याची गत होते.

आमच्या घरी आता ठरून गेलेली रीत अशी.

साबुदाणा वडा वाटोळा न करता चपटा करावा, बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. फिकट तळून जाळीवर पूर्ण निववावा. ताटात सुटे सुटे मांडून फ्रीजरमध्ये ठेवावेत, दगड झाले की मग डब्यात भरावेत. म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत आणि लवकर गोठतात. सकाळी बाहेर काढून वितळवत बसू नये, ओले होतात. तसेच यंत्रात घालावेत. आधी १६० अंशांवर आठ मिनिटे, मग उलटून १९० वर चार मिनिटे.

कोथिंबीर वडी उकडून, कापून गोठवावी. वर तेलाचे बोट फिरवून १८० अंशांवर दहा मिनिटे ठेवावी, मध्ये एकदा उलटावी. पराठे आणि थालीपिठे अर्धवट भाजून, मध्ये बटर पेपर घालून ठेवावीत. ती १८० वर पाच-सहा मिनिटांत होतात, पण एका वेळी एकच थर. उरलेला बटाटेवडा १६० वर सहा मिनिटे आणि १९० वर दोन. यंत्रायंत्रात फरक असतो, म्हणून पहिल्या खेपेला दोन मिनिटे आधी उघडून पाहावे.

बाजारातून आणलेल्या टिक्क्या, समोसे हे बहुधा आधीच तळलेले असतात. त्यांना वरून आणखी तेल नको. मात्र पाकीट वाचावे. काही पदार्थ आत कच्चे असतात, ते नुसते गरम करून चालत नाहीत, पुरते शिजवावे लागतात.

आता काय घालू नये ते. इडली, ढोकळा, उपमा, पोहे यांना वाफच हवी. इडली या यंत्रात घातली तर कडा वाळून पुठ्ठा होतो. गोठवलेली इडली मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवली की मऊ लुसलुशीत होते. पोळीचा पापड होतो. भज्यांचे ओले पीठ जाळीतून खाली गळते. बटर पेपर रिकाम्या भांड्यात घालून यंत्र सुरू करू नये, तो उडून तापलेल्या तारेला चिकटतो. माझा एकदा जळला आहे. आणि भांडे गच्च भरू नये. वारा फिरायला वाट नसेल तर बारा मिनिटांची वीस मिनिटे होतात आणि वडे मऊ पडतात.

मध्यापर्यंत गरम झाले की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती सांगते. सुरीचे टोक वड्याच्या मध्यात दहा सेकंद धरून ठेवावे आणि मग हाताच्या पाठीला लावून पाहावे. टोक चटका देईल इतके गरम हवे, कोमट नको. ज्यांच्याकडे अन्नाचा थर्मामीटर असेल त्यांनी मध्यभागी ७५ अंश पाहावेत. घरात वृद्ध माणूस, लहान मूल किंवा गर्भारशी असेल तर यात हयगय करू नये.

आता शिळेपणाविषयी. सासूबाईंचा आक्षेप मी पुष्कळ दिवस मनात घोळवला आणि मला असे वाटू लागले, की अन्न शिळे होते ते फ्रीजरमध्ये नव्हे, आपल्या ओट्यावर. रात्री केलेले सारण ओट्यावर झाकून ठेवायचे आणि सकाळी गोठवायचे, हे मी पूर्वी केले आहे. ते चुकीचे. कोमटपणात जंतू सर्वांत जोराने वाढतात. शिजवलेला पदार्थ पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत थंडीत टाकावा. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. आमच्या घरी महिन्यावर काही ठेवत नाही, कारण पुढे चव उतरते. आणि एकदा गरम केलेले पुन्हा गोठवायचे नाही.

यात माझी परीक्षाही झाली. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या इमारतीची वीज सकाळी गेली ती रात्री आली. फ्रीजर बंदच ठेवला, तर भरलेला असल्यास दोन दिवस आणि अर्धा असल्यास एक दिवस थंडी धरतो. पण मला कुठे धीर? अर्धाच भरलेला फ्रीजर, आणि मी दर तासाला दार उघडून पाहिले. रात्रीपर्यंत चाळीस वडे मऊ पडले, खाली पाणी साचले. मी म्हटले, आता वीज आली आहे, पुन्हा गोठतील. चाळीस वड्यांचा साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे आणि रविवारची सारी दुपार! जीव तुटत होता. सासूबाई उठून आल्या, एक वडा हातात घेऊन दाबला व म्हणाल्या, "आता हा खरा शिळा." मी मुकाट्याने टाकून दिले. त्या दिवसापासून 'शिळे' या शब्दावरून आमचे भांडण झालेले नाही. दोघींनाही त्याचा एकच अर्थ कळला आहे.

विजेविषयी दोन शब्द. आमचे यंत्र १५०० वॅटचे आहे. पंधरा मिनिटे सलग चालले तरी पाव ते अर्ध्या युनिटाच्या दरम्यान वीज जाते. मात्र ते मोठ्या पिनेच्या, सोळा अँपियरच्या प्लगलाच लावावे. एकाच पट्टीवर मिक्सर, किटली आणि हे यंत्र लावू नये, पट्टी वितळते. मागून गरम वारा निघतो, म्हणून भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.

आणि खरे तेही सांगितले पाहिजे. कढईतून नुकत्याच काढलेल्या वड्याची चव याला येत नाही. बिनतेलाचे वडे म्हणून जे सांगतात तेही आमच्या घरी खरे नाही, कारण वडा आधी थोडा तळलेलाच असतो. सणाला आम्ही कढईच ठेवतो. ज्या भगिनींकडे हे यंत्र नाही त्यांनी हळहळू नये. जाड तवा, चमचाभर तेल, मंद आंच व वर झाकण, आणि शेवटी झाकण काढून मोठी आंच, एवढ्यावर गोठवलेला वडा उत्तम होतो. फक्त उलटायला उभे राहावे लागते.

पण भगिनींनो, माझा मुद्दा त्या उभे राहण्याचाच आहे. पूर्वी सकाळची न्याहारी म्हणजे तासभर गॅससमोर. आता रविवारी दुपारी आम्ही दोघी बसून आठवड्याचे करून ठेवतो. मुलगाही बटाटे किसतो, आधी लाजत असे. आठवड्यात सकाळी माझी पंधरा मिनिटे जातात, त्यातली बारा यंत्राची. म्हणजे रोजची पाऊण तासाची सकाळ मला परत मिळाली. पहिले काही दिवस मी ती झोपून काढली, हेही कबूल करते. मग एके दिवशी मुलाचे जुने दहावीचे मराठीचे पुस्तक हाती लागले आणि मी वाचत बसले.

या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बाहेरून दहावीला बसणार आहे. ही गोष्ट मंडळात मी आज पहिल्यानेच सांगते आहे, कारण सांगितली की मागे फिरता येत नाही. गणिताची मला भीती वाटते. पास होईन की नाही ठाऊक नाही. पण सातवीनंतर जी वाट डोंगरापाशी थांबली होती, ती सकाळी पाच ते पावणेसहा या वेळात पुन्हा थोडी थोडी चालून पाहते आहे.

गेल्या आठवड्यात मी बीजगणितात अशी गुंतले की सव्वासहा वाजलेले कळलेच नाही. धावत स्वयंपाकघरात आले, तर सासूबाई यंत्रापुढे स्टूल टाकून बसल्या होत्या. चष्मा लावून आकडा पाहत होत्या. यजमानांची बशी भरून झाली होती. मला पाहून म्हणाल्या, "एकशे साठवर आठ झाली, आता नव्वदवर चार लावली आहेत. तू जा, तुझे गणित पुरे कर."

नव्वद नव्हे, एकशे नव्वद, हे मी त्यांना सांगितले नाही. यंत्रावर आकडा बरोबर लावला होता.